‘येते’ आणि ‘प्रभूची इच्छा असेल तर’

प्रिय सोनू,

काल तू विचारलंस की आजी निघताना ‘जाते’ न म्हणता ‘येते’ का म्हणते आणि नाताळच्या बेतापुढे दर वेळी ‘प्रभूची इच्छा असेल तर’ का जोडते. तिला मरणाची भीती वाटते का, असंही तू विचारलंस.

नाही गं. ‘जाते’ म्हणणं अशुभ मानतात, म्हणून मराठी माणूस, धर्म कुठलाही असो, ‘येते’ म्हणून उंबरा ओलांडतो. तिथे मरण शब्दाआड लपवलेलं असतं. दुसऱ्या वाक्यात ते उघड कबूल केलेलं असतं.

‘प्रभूची इच्छा असेल तर’ हे बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रातलं, चौथ्या अध्यायातलं. काही व्यापारी म्हणताहेत, आज-उद्या अमुक शहरी जाऊ, वर्षभर राहू, धंदा करू, पैसा कमावू. याकोब त्यांना सांगतो, अरे, तुम्ही वाफ आहात. क्षणभर दिसता आणि विरून जाता. त्याला खटकते ती फुशारकी. बेत आखू नका, असं तो कुठेच म्हणत नाही. म्हणून आधी तारीख ठरवायची, तिकीट काढायचं आणि मग हे शब्द उच्चारायचे. यायचंच नसताना, ‘नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही म्हणून प्रभूला पुढे करणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी त्याच अध्यायाचं शेवटचं वचन वाचावं: चांगलं काय ते कळत असून जो करत नाही, त्याला ते पाप आहे.

आता बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं नव्वदावं स्तोत्र काढ. मोशेची प्रार्थना, 17 वचनं, मोठ्याने वाचायला तीनेक मिनिटं. आयुष्य सत्तर वर्षांचं, शक्ती असली तर ऐंशी, असं त्यात आहे. सत्तर वर्षांचे साधारण 25,567 दिवस होतात. तुझ्या बाराव्या वाढदिवसापर्यंत त्यातले 4,383 झाले. पण बाराव्या वचनात ‘आमचे दिवस गणायला शिकव’ असं मागितलंय, ती वजाबाकी नव्हे. एकूण किती मिळणार हेच ठाऊक नाही, तर वजा कशातून करणार? हातात असतो तो आजचा दिवस. गणायचा तोच.

तो कसा गणायचा? रात्री, दिवा मालवण्याआधी, दहा मिनिटं. प्रथम आज काय मिळालं ते आठवून आभार मानायचे, आणि तेही नेमके. ‘सगळ्याबद्दल आभार’ म्हटलं की मन कशावरच थांबत नाही. मग कुणाशी वाकडं वागलो ते. बायबलमध्येच, इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात, प्रेषित पौल सांगतो की राग मनात असताना सूर्य मावळू देऊ नका. तेव्हा क्षमेचा निरोप त्याच दिवशी, एका वाक्यात, आणि त्यात ‘पण’ नको. ‘पण’ आला की क्षमा संपते आणि वकिली सुरू होते. शेवटी उद्याचं एकच काम प्रभूच्या हाती द्यायचं. हा क्रम उलटा करू नकोस. चुकांपासून सुरुवात केली की मन त्यातच घोळत राहतं, झोप उडते आणि आठवड्याभरात सवय सुटते.

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावरचा राखेचा क्रूस पाहून तुझ्या इथल्या मैत्रिणी विचारतील, म्हणून तेही सांगून ठेवते. ती राख बहुधा आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या, सुकलेल्या झावळ्यांची असते. जाळून, कुटून, चाळून घेतात. कोरडीच लावतात किंवा तेलाचा थेंब घालतात. पाणी घातलं तर राखेतला क्षार उतरतो आणि कपाळ चरचरतं. लावताना म्हणतात, तू माती आहेस आणि मातीस मिळशील. म्हणून उपवासकाळाची सुरुवात या राखेने, आणि शेवट पुनरुत्थानाच्या सणाने, ईस्टरने. नुसती राख लावून घरी जायचं असतं, तर आजीला घाबरायला कारण होतं.

त्या नव्वदाव्या स्तोत्राचा शेवट मला सगळ्यात आवडतो. इतकं आयुष्याचं आखूडपण गाऊन झाल्यावर मोशे आणखी वर्षं मागत नाही. ‘आमच्या हातचे काम सिद्धीस ने’, असं दोनदा मागतो. मराठी कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला, 1919 साली ते गेले, आणि येशूच्या चरित्रावरचं त्यांचं काव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं. ते पुरं केलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. काम सिद्धीस गेलं, फक्त हात दुसरे होते.

तर आजीला फोन कर आणि नाताळची तारीख पक्की सांग. पुढचे शब्द ती जोडेलच.

तुझी,
आई