जंबो की ड्रेडनॉट?

जंबो गिटारचा फोटो बघून प्रेमात पडलायस, ते कळतंय. पण ऑनलाइन मागवण्याआधी इथे इंदुरातच एखाद्या दुकानात जाऊन जंबो आणि ड्रेडनॉट, गिटारचे हे दोन्ही आकार मांडीवर घेऊन बघ, भिया. लाजू नकोस, दुकानदारांना सवय असते.

जंबोच्या खालच्या घेराची रुंदी साधारण 17 इंच, ड्रेडनॉटची साडेपंधराच्या थोडी वर. गंमत म्हणजे जंबोची कंबर बारीक, त्यामुळे ती मांडीवर छान बसते. त्रास होतो उजव्या हाताला. कोपर त्या रुंद घेरावरून टाकलं की खांदा वर येतो आणि अर्ध्या तासात मान धरते. तू काही फार उंच नाहीस, तेव्हा हे आधी तपास.

आवाजासाठी दोन्हीवर एकच जी कॉर्ड वाजव, आधी जोरात, मग नुसत्या अंगठ्याने. जंबो जोरात छेडली की खुलते, आवाज सगळीकडे पसरतो; हळू हाताला मात्र ती कधीकधी झोपलेलीच वाटते. ड्रेडनॉटचा खर्ज आणि मधला सूर नेमका, ठोस. मार्टिन कंपनीने 1916 साली काढलेला हा आकार आजही सगळ्यात जास्त दिसतो, त्यामुळे केस, बॅग, जुनी गिटार सगळं सहज मिळतं.

गणपतीत दहा जणांच्या कोरसमागे ऱ्हिदमच धरायचा असेल तर जंबो घे. घरी शिकायचं असेल तर माझं मत ड्रेडनॉट. तारा अकराच्या लाव (म्हणजे सगळ्यात बारीक तार 0.011 इंचाची) आणि बाराव्या फ्रेटवर, म्हणजे गळ्यावरच्या बाराव्या धातूच्या पट्टीवर, जाड तार अडीच मिलिमीटरहून फार वर असेल तर सेटअप, म्हणजे तारांची उंची जुळवून, करून माग. आणि मे महिन्यात कूलरसमोर ठेवू नकोस, केसमध्ये ठेव.