प्रवास आणि वन्यजीव: पहिला कॅमेरा घेताना

सगळं बजेट बॉडीवर घालवू नका. वन्यजीवांसाठी खरा खर्च लेन्सचाच असतो. बॅग दिवसभर खांद्यावर राहणार असेल तर मायक्रो फोर थर्ड्स प्रकारचे कॅमेरे जरूर पाहा. सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) लहान, त्यामुळे १००-३०० मिमीची लेन्स फुल फ्रेमवरच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरच्या) २००-६०० इतकी जवळ आणते, आणि वजन अर्ध्या किलोच्या आसपास. म्हणजे इथे गुणक २; एपीएस-सीवर (मधल्या आकाराच्या सेन्सरवर) हाच गुणक साधारण १.५. मात्र लहान सेन्सरवर कमी उजेडात नॉइज (फोटोतले दाणे) जास्त येतो, आणि बरेच प्राणी पहाटे नि संध्याकाळीच बाहेर पडतात, हे धरूनच चाला.

सोबत १२-४० मिमीसारखी एक छोटी झूम, बस्स. दोन्हींची कामं एकट्या सुपरझूमवर (जवळपासून लांबपर्यंत सगळं टिपणाऱ्या एकाच लेन्सवर) टाकली तर लांबच्या टोकाला पिसांचे बारकावे पुसट होतात.

स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सावरतं, पक्ष्याची हालचाल नाही. म्हणून शटरचा वेग बसलेल्याला १/५०० सेकंद, उडणाऱ्याला १/२०००, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटोवर. फोटो स्क्रीनवर मोठा करून डोळा तपासा. डोळा धूसर आणि पुढचं गवत सुस्पष्ट असेल, तर फोकसचा चौकोन मोठा ठेवला गेलाय. तो लहान करा. इलेक्ट्रॉनिक शटरचा आवाज नसतो खरा, पण बऱ्याच कॅमेऱ्यांत फडफडणारे पंख वाकडे येतात. पक्षी उडताना मेकॅनिकल शटरच वापरा.

दुपारी तापलेल्या माळावरून दूरचा प्राणी टिपलात तर हवेच्या लहरींमुळे फोटो धूसरच येणार. महागडी लेन्सही तिथे हतबल. जवळ जाता येत नसेल तर सकाळची वाट पाहा.

बॅटऱ्या किमान तीन घ्या.