उगवताना चंद्र मोठा दिसतो तो हवेच्या भिंगामुळे का?

नाही. हे कारण मलाही शाळेत सांगितलं होतं आणि अनेक वर्षं मी ते खरं धरून चाललो.

घरच्या घरी पडताळा घ्या. पौर्णिमेला चंद्र उगवताच हात पूर्ण लांब करून चिमटीत तुरीचा अख्खा दाणा धरा, एक डोळा मिटा. चंद्र जेमतेम झाकला जाईल. मध्यरात्री तो डोक्यावर आला की तोच दाणा पुन्हा धरा. तेवढाच झाकतो! आकाशात त्याची रुंदी साधारण अर्धा अंश असते, दोन्ही वेळा. उलट क्षितिजावर असताना तो आपल्यापासून सुमारे ६,००० किलोमीटर जास्त लांब असतो, म्हणजे किंचित लहानच. हवा त्याला तांबूस करते, वरून-खालून थोडं चेपते, पण फुगवत नाही.

मोठं करतो तो आपला मेंदू. क्षितिजाजवळ झाडं, घरं, डोंगर दिसतात; त्यांच्याही पलीकडे असलेली वस्तू फार लांब आहे असं तो धरतो, आणि लांब असूनही एवढी दिसते म्हणजे मोठीच असणार, असा हिशोब करतो. हे स्पष्टीकरण मला सर्वांत पटतं, पण त्यात एक अडचण आहे: बहुतेकांना क्षितिजावरचा चंद्र लांब नाही, जवळ आल्यासारखा वाटतो. म्हणून संशोधकांमध्ये अजून एकमत नाही.

आणि हो, ओणवं होऊन पायांमधून उलटं बघा. बऱ्याच जणांना तो लगेच लहान दिसतो.