नीसला पहिल्यांदा जाताय? मग एवढं ऐका

सगळ्यात आधी चपला. फ्रान्समधल्या नीसच्या किनाऱ्यावर आपल्या गणपतीपुळ्यासारखी वाळू नाही, गोल गुळगुळीत गोटे आहेत. अनवाणी दहा पावलंही जड जातात. पाण्यात चालणाऱ्या रबरी चपला नक्की न्या. पाणी मात्र इतकं निळं, की सगळा त्रास विसराल.

दिवस ठरवताना मंगळवार टाळा. मातिस आणि शागाल या चित्रकारांची दोन्ही संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात. एकच बघायला वेळ असेल तर माझं मत शागालला. बायबलमधल्या प्रसंगांवरची त्याची 17 मोठी चित्रं तिथे आहेत आणि 1973 साली संग्रहालय उघडलं तेव्हा तो स्वतः हयात होता. चित्रं कुठे लावायची हे त्यानंच ठरवलं. त्या खोल्यांत घाई करू नका, बाकावर बसून राहा. मातिसचं संग्रहालय वर सिमिए टेकडीवर आहे. जवळच्या दफनभूमीत त्याची कबरही आहे.

जुन्या गावात सोक्का खा. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. भट्टीत भाजलेलं आपलं धिरडंच म्हणा ना! शाकाहाऱ्यांची मोठी सोय. गरम असतानाच, वर मिरपूड घालून.

किल्ल्याच्या टेकडीवर किल्ला शोधू नका, तो फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजानं 1706 मध्ये पाडला. पण संध्याकाळी तिथून अख्खा किनारा दिसतो, त्यासाठी चढाच.