उष्णकटिबंधीय बेटावर राहायला गेल्यावर नाताळ कसा साजरा करावा?

थंड देशातून बेटावर राहायला आलात, पहिलाच डिसेंबर आहे, आणि झाड, दिवे, जिंजरब्रेड (आलं-मसाल्याचं बिस्किट) यातलं काय जमेल, काय सोडून द्यावं, असा तुमचा प्रश्न आहे. जवळजवळ सगळं जमतं. बहुतेक लोक उकाड्याचीच काळजी करत बसतात, पण काम बिघडवतो तो दमटपणा. हवेतली आर्द्रता ७५-८० टक्क्यांच्या घरात असली की साखर पाझरते, लोखंड गंजतं, कापसाला बुरशी धरते. हे लक्षात ठेवून तयारी केली तर निम्मा त्रास वाचतो.

आधी झाड. तोडलेलं फर किंवा पाइन बेटावर येतं ते शीतपेटीतून. तिथून एकदम तिशीच्या तापमानात आलं की सुया झडायला लागतात. घ्यायचंच असेल तर सणाच्या आठ-दहा दिवस आधी घ्या, त्याहून लवकर नको. घरी आणल्याबरोबर बुंध्याची २-३ सेंटिमीटर चकती कापा, कारण जुना काप चिकाने बंद झालेला असतो आणि त्यातून पाणी चढत नाही. मग लगेच पाण्यात उभं करा. पहिल्या दिवशी ते तीन-चार लिटर पाणी सहज पितं. काप उघडा पडला की तो पुन्हा बंद होतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ पातळी बघा. एसीचा झोत थेट झाडावर येऊ देऊ नका.

माझं मत विचाराल तर कुंडीतलं अरॉकेरिया घ्या, म्हणजे नॉरफोक आयलंड पाइन. ते मुळात प्रशांत महासागरातल्या नॉरफोक बेटावरचंच, त्यामुळे उष्ण, दमट हवा त्याला मानवते. फांद्या मात्र मऊ असतात, जड काचेचे गोळे लावले तर वाकतात. कागद, कापड, वाळकं लाकूड असलं हलकं सामान लावा. शेंडा कधीही छाटू नका, नंतर झाडाचा घाट बिघडतो. माती वरून २-३ सेंटिमीटर कोरडी झाली की पाणी द्या, आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, मुळं कुजतात.

दिव्यांच्या माळा जुन्या घरून आणल्या असतील तर आधी व्होल्टेज बघा. ११० व्होल्टची माळ २३० व्होल्टवर लावली की जळालीच. बाहेर लावायला किमान आयपी४४ (हा अंक धूळ-पाणी किती अडतं ते सांगतो) आणि समुद्राचे तुषार येत असतील तर आयपी६५ लिहिलेली माळ घ्या. प्लगचा जोड जमिनीपासून वर ठेवा आणि त्याच्या आधी वायरला खाली झोका द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच गळून जातं. एक कळकळीची विनंती: घरासमोरच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालत असतील तर समुद्राकडे तोंड करून एकही दिवा लावू नका. अंड्यातून निघालेली पिल्लं उजळ क्षितिजाकडे चालतात, आणि तुमची रोषणाई त्यांना पाण्याऐवजी रस्त्याकडे ओढून नेते.

मेणबत्त्या वितळण्याच्या कितीतरी आधी मऊ होऊन वाकतात. उंच, बारीक मेणबत्ती उन्हाच्या खिडकीत ठेवली तर दुपारपर्यंत कमान होते. मधमाशीच्या मेणाची मेणबत्ती ६२-६४ अंशांना वितळते, ती बरी टिकते. नाहीतर काचेच्या पेल्यातली घ्या.

आता भट्टी, कारण सगळ्यात जास्त निराशा इथेच होते. बिस्किटं पसरतात, कारण पीठ घट्ट होण्याआधीच बटर वितळतं. बटर फेटायला १८-२० अंश लागतात आणि ३२-३५ अंशांना ते वितळतं, म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरात ते नेहमी काठावरच असतं. कणीक तासभर फ्रिजमध्ये ठेवा, दोन बटरपेपरच्या मध्ये ४-५ मिलिमीटर जाडीने लाटा, आकार कापून ट्रे पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा आणि तसाच थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ढकला.

जिंजरब्रेडचं घर करायचं असेल तर पिठात सोडा, बेकिंग पावडर घालू नका. भिंती भाजून झाल्या की ओव्हन बंद करा आणि दार बोटभर उघडं ठेवून त्या आतच पूर्ण गार होऊ द्या. त्यात उरलेली ओल निघून जाते. चिकटवायला एका अंड्याच्या पांढऱ्याला (साधारण ३० ग्रॅम) १८०-२०० ग्रॅम आयसिंग शुगर लागते. चमचा उलटा केला तरी शेंडा वाकायला नको. कच्च्या अंड्याची भीती वाटत असेल तर पाश्चराइझ्ड पांढऱ्याची पूड वापरा. पंख्याखाली ठेवून हे आयसिंग नीट सुकत नाही, कारण पंखा दमट हवाच फिरवतो. एसी चालू असलेल्या बंद खोलीत रात्रभर ठेवा. वितळलेल्या साखरेने भिंती क्षणात चिकटतात, पण एक-दोन दिवसांत ती पाझरते आणि छप्पर घसरतं. घर मांडाल ते टेबल मुंग्यांपासून जपा, चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

लवंगा टोचलेली संत्री थंड देशात वाळतात, इथे आठवड्यात बुरशी धरतात. त्याऐवजी ५ मिलिमीटरच्या चकत्या ओव्हनमध्ये १०० अंशांवर तीन-चार तास वाळवा, मधून उलटा आणि गार झाल्या की ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात बंद करा. संध्याकाळी दालचिनी, लवंग आणि संत्र्याची साल पाण्यात मंद उकळा, खिडकी उघडी ठेवून. थंडी नसली तरी तो वास घरभर फिरला की सण आल्यासारखं वाटतं.

पार्सलने मागवणार असाल तर पाइनची बोंडं, पेंढा, सालीसकट लाकूड, बिया नकोत. कीड येऊ नये म्हणून बेटांवर असल्या वस्तू अडवतात. चॉकलेटही नको, कोकोचं लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळतं. इथेच विकत घ्या, आणि फ्रिजमधून काढल्यावर डबा लगेच उघडू नका. बाहेरची वाफ त्यावर जमते आणि पांढरे डाग पडतात.

जेवणाचा बेत सूर्यास्तानंतर ठेवा. इथे संधिप्रकाश फार टिकत नाही, अर्ध्या तासात मिट्ट काळोख होतो, आणि दिवे लावायला तीच वेळ उत्तम. दक्षिण गोलार्धात असाल तर डिसेंबरात वादळांचाही मोसम असतो, तेव्हा बाहेरची सजावट तासाभरात उतरवता येईल अशीच बांधा.

सण संपल्यावर सामान पुठ्ठ्याच्या खोक्यात भरू नका. पुठ्ठा ओल धरतो आणि झुरळं, कसर त्यातच राहतात. सजावट एसीच्या खोलीत एक रात्र सुकवा, कृत्रिम झाडाच्या लोखंडी सांध्यांना पेट्रोलियम जेली चोळा, माळांतले सेल काढून टाका आणि घट्ट झाकणाच्या प्लास्टिक पेटीत सिलिका जेल घालून ठेवा. कुंडीतलं अरॉकेरिया एकदम कडक उन्हात नेऊ नका, आठवडाभर सावलीत ठेवून मग हळूहळू पुढे सरकवा.