योशिवाराची प्रिंट हातात घेतल्यावर

प्रिय विद्यार्थिनी,
सप्रेम आशीर्वाद.

एदोच्या (आजच्या टोकियोच्या) योशिवारा या परवानाधारक वेश्यावस्तीच्या, लाकडी ठशांनी छापलेल्या प्रिंट्सवर काम करायचं ठरवलं आहेस, तर चेहरा सगळ्यात शेवटी बघ. उतामारो या चित्रकाराने काढलेल्या बायकांचे चेहरे बरेचसे एका साच्यातले असतात. कोण, कुठली, हे अक्षरं सांगतात. ‘ओगिया उची हानाओगी’ म्हणजे ओगिया या घरातली हानाओगी. शेजारी बारीक अक्षरांत ‘योशिनो’, ‘तात्सुता’ दिसलं तर त्या तिच्या तैनातीतल्या लहान मुली, कामुरो. हानाओगी हे नाव एकीनंतर दुसरीला मिळत असे, त्यामुळे काळ ठरवल्याशिवाय नुसत्या नावावर भिस्त ठेवू नकोस.

काळासाठी ‘किवामे’ हा सेन्सॉरचा गोल शिक्का शोध. तो १७९०च्या सुमारास सुरू झाला. पण नंतर नव्याने कोरलेल्या ठशांवर तोही हुबेहूब कोरतात, म्हणून लगेच दहापट भिंग घे. कपाळाशी केस सुरू होतात तिथे बघ. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती यंत्रावरची छपाई. रेषा जाड होऊन एकमेकींत मिसळल्या असतील तर चेरीच्या लाकडाचा ठसा झिजलेला. मग कागद उलटा कर: हाताने घासून छापलेल्या प्रिंटमध्ये रंग कागदात मुरलेला असतो आणि बारेनचे, म्हणजे कागद घासायच्या गोल चकतीचे, गोलसर वळ तिरप्या उजेडात दिसतात.

सगळ्यात जास्त फसगत रंगात होते. त्या काळचा एक निळा आपल्या केन्याच्या जातकुळीतल्या फुलाचा, तांबडा करडईच्या फुलांचा. दोन्ही उजेडाने विटतात, निळा तर पाण्याच्या थेंबानेही जातो. जांभळा या दोघांच्या मिश्रणाचा, म्हणून तो मातकट होतो. तेव्हा ‘तपकिरी किमोनो’ असं नोंदवण्याआधी त्याच प्रिंटच्या दुसऱ्या प्रती बघ. अल्बममध्ये मिटून राहिलेल्या प्रतीत तो अजून जांभळा सापडेल. उलट, उतामारोच्या नावावरच्या प्रिंटमध्ये गडद प्रशियन निळा दिसला तर सावध हो. उतामारो १८०६ साली गेला; तो निळा प्रिंट्समध्ये रुळला १८३०च्या आसपास.

आता चेहरा. ‘सेइरो जूनी तोकी’ या मालिकेत उतामारोने तिथल्या दिवसाचे बारा प्रहर काढले. बैलाच्या प्रहराला, रात्री दोनच्या सुमारास, झोपेतून उठलेली बाई पायानेच सपाता चाचपडते आहे. मालिकेत गिऱ्हाईक एकही नाही. १६५७च्या आगीनंतर आसाकुसाच्या उत्तरेला हलवलेल्या वस्तीभोवतीचा खंदक, ये-जा करायचं एकच मोठं दार, घरच्यांनी पैसे घेऊन करारावर पाठवलेल्या मुली, यातलं काही तिथे नाही. ही चित्रं विकायला होती, त्या घरांची जाहिरातही त्यातून होत असे. प्रकाशक त्सुताया जूझाबुरो योशिवारातच जन्मलेला. तिथल्या घरांची यादी ‘साइकेन’ तोच छापत असे.

म्हणून प्रत्येक नोंदीत तीन रकाने ठेव: काय छापलंय, काय विटलंय, काय मुद्दाम वगळलंय. पहिल्या दहा प्रिंट्सच्या नोंदी झाल्या की मला पाठव.

तुझी,
बाई