'टिकलीच पाहिजे'मधला च

"मॅडम, आता शांत आहे, पण टिकेल का?" परभणी, जालना, बीड, कुठूनही माणूस माझ्याकडे समुपदेशनाला येवो, झोप नाही, पित्त होतं असं सांगत येतो आणि तिसऱ्या भेटीत हा प्रश्न काढतो.

त्यातलेच एक उपसरपंच. गावात मिरवणुकीवरून दंगल झालेली, दुकानं जळालेली. तेव्हापासून हे शांतता समितीवर. सण जवळ आला की रात्री दोनपर्यंत गावाचे व्हॉट्सॲप ग्रुप चाळत बसायचे.

"शांतता टिकलीच पाहिजे. एक दगड पडला की सगळी मेहनत मातीत."

"त्यातला 'च' काढून म्हणा."

"'च' काढला की ढिलाई येते, मॅडम."

माझा सगळा भरवसा या एका अक्षरावर आहे. 'टिकावी' म्हणणारा माणूस कामाला लागतो. 'टिकलीच पाहिजे' म्हणणारा पहारा देत बसतो. पण नुसतं सांगून ते पटत नाही.

खोलीत राजकारण आणू नये असं आम्हाला शिकवतात. मी आणते. त्यांना उत्तर आयर्लंडचं सांगितलं. कॅथलिक-प्रोटेस्टंट यांच्यातला तीस वर्षांचा रक्तपात थांबवायला 10 एप्रिल 1998 ला करार झाला. चारच महिन्यांनी, 15 ऑगस्टला, करार नको असलेल्या गटाने ओमा गावात बॉम्ब फोडला. 29 माणसं गेली. तरी करार मोडला नाही. 2002 मध्ये तिथलं सरकार स्थगित झालं, तरी बोलणी चालू राहिली. एकमेकांचे हाडवैरी, प्रोटेस्टंटांचे नेते इयान पेस्ली आणि कॅथलिकांच्या बाजूचे मार्टिन मॅकगिनेस, एका सरकारात बसले ते 2007 मध्ये.

"नऊ वर्षं!" त्यांनी बोटांवर मोजलं. "आमचं तर दुसरंच चालू आहे."

मग मी विचारलं, "मागच्या गणपतीत दगड पडला होता ना? तुम्ही काय केलं?"

"चाचांना फोन लावला. गॅरेजवाले, समितीत आहेत."

"उचलला?"

"पहिल्याच रिंगला. जागेच होते."

"आणि दंगलीच्या रात्री?"

बराच वेळ ते पाण्याच्या ग्लासाचं झाकण फिरवत राहिले. "त्या रात्री लावलाच नाही. मह्याकडं नंबरच नव्हता."

असे क्षण मी घडवू शकत नाही. पण प्रश्न नेमका त्या जागी ठेवता येतो, एवढं मला पंचवीस वर्षांत जमलंय. दगड दोन्ही वेळेला पडला होता. मधल्या काळात एक नंबर आला होता, आणि हे मात्र दगडच मोजत होते.

तुम्हीही अशा समितीवर असाल तर चहा-फोटोच्या बैठकीवर चिडू नका, त्या बैठकीतून पलीकडच्या दोघांचे नंबर घेऊन या. सण नसताना एकदा फोन करा, उगाच, पावसापाण्याचं बोलायला. 2023 मध्ये विसर्जन आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले, तेव्हा राज्यात ठिकठिकाणी जुलूस पुढे ढकलले गेले. असं ठरतं ते आधीपासून बोलणं असेल तरच. आणि एखादी बैठक फिसकटली तर पुढची तारीख घेतल्याशिवाय उठू नका.

यंदा विसर्जनानंतर त्यांचा फोन आला. "बाराला झोपलो, मॅडम." थोडं थांबून म्हणाले, "फोन उशालाच होता, पण."